ह्यांनी रंगवलेले तक्ते

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मी पुन्हा कॉलेजात गेले. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मी लग्नाआधीच केला होता. नर्स म्हणून नोंदणी होती, सौंसरच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी होती. पण पुढं वॉर्डची इनचार्ज व्हायचं किंवा नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं तर डिग्री लागते. आमच्यासारख्या नोंदणी झालेल्या नर्सेससाठी त्याचा वेगळा अभ्यासक्रम असतो, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नागपूरच्या एका कॉलेजची त्याची जाहिरात पेपरात आली होती. ती ह्यांनीच वाचली आणि पेपर घेऊन सैपाकघरात आले.

"हे तुह्यासाठी आहे," म्हणाले.

"आता? पोरगी सहावीत गेली. मी कायची कालेजात जातो?"

"पोरगी सहावीत, तू कालेजात. दोघी जणी जा."

हे पेंटर होते. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं टपरीवजा दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंती, जिनिंगच्या फाटकावरची अक्षरं, संत्र्याच्या पेट्यांवर व्यापाऱ्यांच्या खुणा, असं सगळं ते करत. फ्लेक्स आले तशा पाट्या गेल्या. पेट्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आले तशा खुणाही गेल्या. भिंती आणि नंबर प्लेटा तेवढ्या उरल्या. हात मात्र फार सुंदर होता. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे.

मी नोकरी सोडली आणि पांढुर्णा-नागपूर अपडाऊन सुरू केलं. सकाळची गाडी पकडायची, संध्याकाळी परत. घर सासूबाईंनी सांभाळलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पोरीची वेणी, डबा, शाळा, सगळं त्यांनी स्वतःकडं घेतलं. मी गाडीत वाचायची. बायोकेमिस्ट्री डोक्यात शिरत नव्हती. बरोबरीच्या काही मुली माझ्याहून पुष्कळ लहान, नुकत्याच जीएनएम झालेल्या. त्या भराभर लिहायच्या, मी मागं पडायची.

पण एका गोष्टीत माझ्या पुढं कोणी नव्हतं. नर्सिंगच्या अभ्यासात तक्ते फार लागतात. कुठलाही विषय शिकवून दाखवायचा तर चित्र हवं, फ्लिप चार्ट हवा. बाकीच्या मुली प्रिंट काढून आणायच्या. माझे तक्ते हे रंगवायचे.

पहिला तक्ता हृदयाचा होता. मी पुस्तक उघडून दिलं. ह्यांनी ते किती तरी वेळ पाहिलं, मग विचारलं, "हे इकडलं रक्त निळं दाखवलं. खरंच निळं असते का व?"

"नाही. लालच असते, जरासं काळपट. ओळखू यावं म्हणून निळं दाखवतात."

"मंग मी काळपट लाल देतो. खोटं कायले काढायचं?"

"मॅडम मार्क कापतीन."

शेवटी निळंच दिलं, पण त्यात थोडा लाल मिसळून. मॅडमनी तो तक्ता वर्गात भिंतीला लावला आणि कोणी काढला म्हणून विचारलं. माझ्या मिस्टरांनी, असं सांगताना मला लाजल्यासारखं झालं. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ह्यांनी मला तीनतीनदा विचारलं, "भितीले लावला? सगळ्याइले दिसन असा?"

मग मूत्रपिंड झालं, त्यात इंग्रजी अक्षरं उलटसुलट पडली आणि वर्ग हसला. गर्भाशयातलं बाळ झालं. ते रंगवताना पोरगी शेजारी बसून होती. "मी अशीच होती का?" तिनं विचारलं. "याच्यापेक्षा जाड," हे म्हणाले. संध्याकाळी मी स्टेशनवरून येईपर्यंत ओसरीत रंगाचा वास भरलेला असायचा. आत्याबाई कुरकुरायच्या की भाकरीलाही तारपीनचा वास येतो. आमच्या घरातले ते चांगले दिवस होते. तेव्हा तसं वाटलं नव्हतं, तेव्हा फक्त धावपळ वाटायची.

काम करताना ह्यांच्या तोंडात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. आमच्याकडं तो बहुतेक पुरुषांच्या खिशात असतो. त्यावरून आमची भांडणं व्हायची. कमी केला म्हणायचे, मी खिसे तपासायची, पन्नी सापडायची. कॉलेजला लागल्यावर मला त्यांचे खिसे बघायलाही वेळ मिळेनासा झाला.

दुसऱ्या वर्षी कम्युनिटीच्या विषयात गावात जाऊन आरोग्यावर बोलायचं असतं. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. मला आली तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर. घरी आल्यावर मी हसतच सांगितलं, "आता तरी सोडा. तुमच्याच हातानं काढा चित्र." हे हसले नाहीत. "पाहू," म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते कागद घेऊन ओसरीत बसले. पुस्तकातलं चित्र लहान आणि काळंपांढरं होतं. आतला रंग कसा असतो ते पाहू म्हणून त्यांनी दाढीचा आरसा घेतला आणि उजेडाकडं तोंड केलं. मी भांडी घासत होते. सहज नजर गेली. ते आरशासमोर तोंड उघडत होते आणि ते उघडत नव्हतं. ओठ ताणले जात होते, गालाला सुरकुत्या पडत होत्या, पण दातांमध्ये जेमतेम दोन बोटांची जागा.

मी हात पुसले. जवळ जाऊन म्हटलं, "आणखी उघडा."

"इतकंच उघडते."

"कवापासून?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला. आत गालाची त्वचा पांढरी, ताठ झालेली. डाव्या बाजूला, शेवटच्या दाढेपाशी जखम. कडा उचललेल्या होत्या. मी बोट लावलं तर ती दगडासारखी कडक लागली. माझ्या पुस्तकात त्याच पानावर तेच वर्णन होतं. पुस्तक ओसरीत उघडंच पडलं होतं.

"तिखट खात नाही ते ह्याच्यामुळं?" मी विचारलं. कितीतरी दिवस ते भाजीतला रस्सा बाजूला सारत होते. दाढ दुखते म्हणायचे.

"हाव."

"तुम्हाले मालूम होतं?"

"फोड आहे हे मालूम होतं. बाकी अंदाज होता." मग जरा थांबून म्हणाले, "सांगितलं असतं त तू कालेज सोडलं असतं. मी म्हटलं, तुही परीक्षा होऊन जाऊ दे."

मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातला आरसा हिसकला आणि आत जाऊन पाण्याच्या माठापाशी उभी राहिले. रडूही येईना. पोरगी बाहेर विचारत होती, "बाबा, आईले काय झालं?" आणि हे तिला सांगत होते, "काही नाही बाप्पा, चित्र बिघडलं म्हणून."

नागपूरला तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. जबड्याचं डावीकडचं हाड आणि गाल काढावा लागणार होता. छातीचं मांस उचलून तिथं लावणार होते. डॉक्टर बोलत होते आणि मला त्यांचा प्रत्येक शब्द कळत होता. शेजारी बसलेल्या आत्याबाईंना काहीच कळत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला.

मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला. मॅडमनी हजेरी सांभाळून घेतली आणि जमेल तसं ये म्हणाल्या. पण मी कोर्स सोडायचंच ठरवलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ह्यांना तसं सांगितलं. नीट बोलता येण्याचा तो त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि तो आम्ही भांडण्यात घालवला.

"सोडू नको म्हणतो न मी."

"तुम्हाले कोण पाहीन?"

"नर्सा आहेत इथं. तू शिकून ये. पोरीले काय सांगू मी, माह्यामुळं सोडलं?"

मी सोडला नाही.

ऑपरेशननंतर त्यांचा चेहरा मला ओळखता आला, कारण मी डोळेच पाहिले. नाकातून नळी, गळ्याला भोक, गालाच्या जागी छातीची कातडी. तिच्यावर छातीचे केस होते. मी वॉर्डात अशी माणसं पाहिलेली होती, त्यांची ड्रेसिंगही केली होती. आपल्या माणसाचं पाहणं वेगळं असतं एवढंच मला म्हणता येईल, याहून जास्त नाही.

काही दिवसांनी वॉर्डात दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या विद्यार्थिनी आल्या. एक लहानखुरी मुलगी आमच्या पलंगाशी येऊन उभी राहिली. तिला केअर प्लॅन लिहायचा होता, म्हणजे पेशंटची माहिती घ्यायची, त्याचे त्रास ओळखायचे आणि प्रत्येक त्रासावर नर्सनं काय करायचं ते मांडायचं. मी असे कितीतरी लिहिले होते. ती फार घाबरलेली होती.

"काकू, ह्यांची हिस्टरी घेऊ का?"

मी नाहीच म्हणणार होते. ह्यांनी हात वर केला आणि तिला बसायची खूण केली. बोलता येत नव्हतं, म्हणून प्रश्नाला मान हलवत होते, नाहीतर पोरीच्या जुन्या पाटीवर लिहीत होते. धंदा विचारला तेव्हा त्यांनी पाटीवर "पेंटर" असं लिहिलं, पण नुसतं नाही, दुकानाच्या पाटीसारखं, खाली सावली देऊन. मुलगी हसली. मग मान खाली घालून लिहीत राहिली. तिच्या खांद्यावरून मला ओळ दिसली. चेहऱ्यातील बदलामुळे स्वतःबद्दलच्या प्रतिमेस धक्का. हीच ओळ मी पूर्वी दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल लिहिली होती, आणि तिच्यापुढं उपाय म्हणून लिहिलं होतं, रुग्णास भावना व्यक्त करण्यास प्रोत्साहन द्यावे.

"बरोबर आहे का काकू?" तिनं मला विचारलं. मी नर्स आहे हे तिला कोणी तरी सांगितलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ती गेल्यावर ह्यांनी पाटीवर लिहिलं, "पोरगी हुशार आहे." मी पाटी पुसली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाल्यावर आम्ही पांढुर्ण्याला परतलो. गळ्याचं भोक बुजलं, नळी निघाली. पातळ खिचडी, दूध, संत्र्याचा गाळलेला रस जात होता, तोही अर्धा गळ्यावरच्या फडक्यात. बोलणं घोगरं आणि चिकटलेलं झालं होतं. मला कळायचं आणि पोरीला कळायचं. आत्याबाईंना सगळं कळायचं नाही, म्हणून त्या उगाच मान हलवायच्या आणि मग पोरीला हळूच विचारायच्या, "काय म्हनला तो?" गिऱ्हाइकांना तर अजिबात कळेना. दुकान बंद पडलं. आत्याबाईंनी जामसांवलीच्या मारुतीला शनिवार धरले. मीही एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले.

तंबाखूचा अर्धवट राहिलेला फ्लिप चार्ट ह्यांनीच बाहेर काढला. रोज थोडा थोडा रंगवायचे. आता आरसा लागत नव्हता. तोंडाच्या आतला लाल, पांढरा चट्टा, जखमेची कड, असं त्यांनी काढलं की मला पाहवेना. शेवटच्या पानावर मात्र हसरा माणूस होता, सगळे दात दिसणारा.

आमच्या बॅचमध्ये पांढुर्णा, सौंसर, काटोल भागातल्या काही जणी होत्या, म्हणून गावातल्या कार्यक्रमासाठी मॅडमनी आम्हाला सावरगाव दिलं. पांढुर्ण्यातून जाम नदीचा पूल ओलांडला की सावरगाव. त्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. गळ्याभोवती दुपट्टा.

"तुम्ही कायले येता? ऊन लागन."

"चार्ट कोण धरन?" ते म्हणाले.

अंगणवाडीच्या अंगणात बायामाणसं जमली होती. काही म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, भिंतीला टेकलेले दोनचार तरुण. मॅडम मागं खुर्चीवर मार्क द्यायला बसल्या. मी बोलायला लागले. हे शेजारी उभे राहून एकेक पान उलटत होते. मी तंबाखूचं बोलत होते, पानावर चित्र होतं, आणि एकही माणूस चित्राकडं पाहत नव्हता. सगळे ह्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. दुपट्टा घसरला होता आणि दोन्ही हात चार्टला होते, म्हणून त्यांना तो सारखा करता येत नव्हता. पुढं बसलेली एक लहान पोरगी आईच्या पदरात तोंड घालून रडायला लागली. आई तिला म्हणाली, "चूप, पाहू नको तिकडं."

ह्यांनी चार्ट भिंतीला टेकवला, दुपट्टा तोंडावर ओढला आणि फाटकाबाहेर निघून गेले.

माझं बोलणं अर्ध्यावर होतं. मॅडमनी मला थांब असं हातानं सांगितलंही. पण मी थांबले नाही. एका हातानं पानं उलटत शेवटच्या हसऱ्या माणसापर्यंत बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग मी पळत बाहेर आले.

ते नदीच्या पुलावर कठड्याला टेकून उभे होते. मी शेजारी उभी राहिले. खाली पाणी थोडंसंच होतं. बाया कपडे धूत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"चित्र पाह्यलं का कोणं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "चांगलं झालं होतं," ते म्हणाले. "दात लय मेहनतीनं काढले होते."

तिथून घरापर्यंत आम्ही पायी गेलो. रस्त्यात एका दुकानावर त्यांनीच रंगवलेली जुनी पाटी होती, अर्धी फ्लेक्सखाली झाकलेली. ती त्यांनी मला दाखवली नाही, मीच पाहिली.

मॅडमनी मार्क चांगले दिले.

पावसाळा संपताना त्यांच्या गळ्यात गाठ आली. तिचा अर्थ आम्हा दोघांनाही सांगावा लागला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा, दुखणं कमी राहील असं पाहू, असं सांगितलं. गाठ फुटली. मी दिवसातून अनेकदा ड्रेसिंग करायची. वास जावा म्हणून जखमेवर गोळीची पूड टाकायची, खिडक्या उघड्या ठेवायची. बाजारात तेव्हा संत्री आली होती. गल्लीतून ट्रॅक्टर जायचे तेव्हा घरभर संत्र्यांचा वास यायचा, आणि तेवढा वेळ आम्हाला बरं वाटायचं.

मी सगळं नीट करत होते. औषधाची वेळ, कूस बदलणं, तोंड पुसणं. एकदा मी गॉज घेऊन वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय पाह्यजे? दुखून राहिलं का?"

त्यांनी पलंगावर हात थोपटला. बस, अशी खूण. मी गॉज ठेवला आणि बसले. पोरगी शाळेतून येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. तिनं आल्या आल्या दप्तर टाकलं आणि त्यांच्या पायाशी बसून कोणी कोणाची खोडी काढली ते सांगत राहिली.

ते दिवाळीनंतर गेले, भर दुपारी. आत्याबाई चमच्यानं पाणी पाजत होत्या. पाणी ओठावरून परत आलं. "घे नं बाप्पा, घे नं," त्या म्हणत राहिल्या. मी नाडी पाहिली. नाडी पाहून बोलणं माझं काम आहे, मी ते पुष्कळांच्या बाबतीत केलं आहे. त्या दिवशी मला बोलता आलं नाही. मी आत्याबाईंच्या हातातला चमचा काढून घेतला. त्यावरून त्यांना कळलं.

त्या वर्षीची परीक्षा मी दिली नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाक्य लागायचं नाही. पोरीची वेणी आता मी घालायची आणि ती गप्प बसून घालून घ्यायची. पुढच्या वेळी मॅडमचाच फोन आला. फॉर्म भर, म्हणाल्या. मी भरला. नर्सिंग एज्युकेशन, व्यवस्थापन, संशोधन, सगळे पेपर दिले. कसे दिले ते आठवत नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरगी मला सकाळी स्टेशनवर सोडायला यायची आणि गाडी हलेपर्यंत थांबायची.

निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजातून गुणपत्रिका घेऊन आले. आत्याबाई दारात बसून तूर निवडत होत्या. मी सांगितलं, "पास झाली."

त्यांनी वर पाहिलं. आनंद झाला असं दिसलं नाही. सूप बाजूला ठेवलं, हात झटकले.

"मंग आता कुठं जाशीन?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्न कळला नाही.

"डिग्रीवाल्या नर्सा मोठ्या शहरात जातेत म्हनते. नागपूर, पुनं. पोरीलेही नेशीन." त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, तुरीकडं पाहत होत्या. "ने. मी काय म्हनीन? माहा पोरगा त नाही आता, तुले अडवाले."

एवढा काळ मी त्यांना घरातली बाई म्हणून पाहिलं होतं, घर सांभाळणारी. त्यांचं एकच लेकरू गेलं होतं, आणि आता राहिलेल्या दोघीही जातील म्हणून त्या निकालाच्या दिवसाला भीत बसल्या होत्या. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"सौंसरच्या दवाखान्यात बोलावून राहिले मले," मी म्हटलं. "इनचार्ज म्हणून. बसनं जाईन, संध्याकाळी येईन."

"रोज?"

"रोज. कुठंच जात नाही आम्ही, आत्याबाई."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तोंडहात धू," म्हणाल्या. "भाकर टाकतो."